कड्यावर पाऊल कसे ठेवावे

श्रोतेहो, चोपड्याहून उत्तरेकडे पाहिले की सातपुड्याची निळी भिंत दिसते. तिच्या पायथ्याच्या गावांतील पोरांना कडा चढ असे कोणी सांगावे लागत नाही. शेळी अडकली, मधाचे पोळे दिसले, सीताफळ पिकले की पोरगे चढलेच. पंचाईत होते ती वर गेल्यावर. ते खाली पाहते, पाय लटलटा कापू लागतात, आणि आता हात कुठला सोडायचा हे त्याला कोणी कधी सांगितलेले नसते. गुरुजी, आजचे बोलणे मुख्यतः तुमच्यासाठी आहे, कारण ‘जाऊ नको’ म्हटल्याने पोरे थांबत नाहीत हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता.

हौसेने, पण नियमाने कातळ चढण्याच्या खेळाला प्रस्तरारोहण म्हणतात. मुंबई-पुण्याकडे त्याची मंडळे आहेत. मुंबईच्या ‘गिरिविहार’ने २०१६ आणि २०१७ साली नवी मुंबईत या खेळाची जागतिक चषक स्पर्धा भरवली, आणि २०२१ साली टोकियोला तो ऑलिंपिकमध्येही गेला. म्हणजे हे रिकामटेकड्यांचे वेड राहिलेले नाही. आपल्याकडे विषय निघाला की कोणीतरी सिंहगडाच्या घोरपडीची गोष्ट काढतोच. गोष्ट छान आहे. पण घोरपडीच्या कमरेला दोर बांधून जवान माणूस वर जाईल असे मला तरी वाटत नाही. तानाजींचे मावळे १६७० साली कडा चढले ते स्वतःच्या हातापायांच्या आणि छातीच्या बळावर. श्रेय घोरपडीला कशाला द्यायचे?

आता आपला दगड पाहा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले, त्यांचा हा काळा कातळ झाला. टणक थराखाली मऊ थर, त्याखाली पुन्हा टणक. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. टणक थरात भेगा आणि कंगोरे असतात, तिथे बोटे चांगली बसतात. मऊ थर मात्र दगाबाज. हाताला आलेला दगड हातातच राहतो. म्हणून भार टाकण्याआधी दगडावर मूठ आपटून पाहावी. बाजारात मडके घेताना आपण वाजवून घेतो ना, तसेच. बद्द आवाज आला, दगड हलला, तर तो सोडून द्यावा.

चढण्याचा पहिला नियम असा: दोन हात, दोन पाय, यांपैकी तीन नेहमी पक्के, हलवायचा तो एकच. दुसरा नियम पायांचा. नवखा मुलगा हातांनी लोंबकळतो आणि थोड्याच वेळात त्याचे हात भरून येतात. घागर डोक्यावर घेऊन बाई घाटाच्या पायऱ्या चढते ती काय हातांनी? भार पायांनी उचलायचा, हातांनी फक्त तोल सांभाळायचा. पाय लांब फेकू नयेत, जवळजवळ टाकावेत. टाच खाली ठेवावी. भीती वाटली की माणूस कड्याला पालीसारखा चिकटतो. तिथेच पाय निसटतो, कारण अंग चिकटले की पावलावरचा भार बाहेर ढकलला जातो आणि पाय कुठे ठेवायचा तेही दिसत नाही. अंग थोडे मोकळे धरावे. आणि चढण्यापूर्वी खाली उभे राहून सगळी वाट डोळ्यांनी एकदा चढून पाहावी.

दोराविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण जिवाशी गाठ इथेच आहे. जुन्या मंडळींनी मोटेचा नाडा पाहिला आहे. हल्लीच्या पोरांनी मोटारपंप विहिरीत सोडायचा दोर पाहिला आहे. एवढा भार पेलतो, मग माणूस का पेलणार नाही, असे वाटणे साहजिक आहे. पण मोट आणि पंप हळूहळू ओढले जातात. माणूस पडतो तो हिसक्याने. न ताणणारा दोर तो सारा हिसका कमरेला आणि बरगड्यांना देतो, किंवा स्वतःच तुटतो. चढाईचा नायलॉनचा दोर मुद्दाम ताणणारा केलेला असतो, तो हिसका पिऊन टाकतो. तेव्हा विहिरीचा दोर विहिरीलाच राहू द्या. गाठ बांधतात ती आठाची. इंग्रजी आठासारखी दिसते म्हणून हे नाव. आपल्या आठाशी तिचा काही संबंध नाही. नवख्यासाठी दोर नेहमी वरून सोडलेला असावा, आणि दोर सांभाळणारा जाणता गडी स्वतः भक्कम झाडाला किंवा खडकाला बांधलेला असावा. त्याने चढणाऱ्यावरची नजर काढायची नाही, गप्पा मारायच्या नाहीत.

शिकलेला माणूस बरोबर असल्याशिवाय शाळेने दोराच्या वाटेला जाऊच नये. पण म्हणून काहीच करता येत नाही असे नाही. नदीकाठचा पुरुषभर उंचीचा मोठा धोंडा शोधा. खाली वाळू असावी, अणकुचीदार दगड नसावेत. त्यावर वर न चढता मुलांना आडवे, कडेकडेने सरकायला लावा. जमिनीपासून दोन हात उंचीवर तीन ठिकाणांचा नियम अंगात मुरतो. दोन थोराड मुले मागे हात पसरून उभी करा, पडणाऱ्याची पाठ आणि डोके सावरायला. पाड्यावरची पावरा, भिल्ल मुले यात पुष्कळदा पुढे असतात. वर्गात मागे बसणारे एखादे पोरगे धोंड्यावर इतरांना पाय कुठे ठेवायचा ते दाखवू लागते.

मनमाडजवळचा हडबीची शेंडी हा अंगठ्यासारखा सुळका तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथे पडून दोन तरुण दगावले. उतरण चढणीपेक्षा अवघड असते, कारण पाय ठेवायची जागा दिसत नाही आणि मन आधीच घरी पोचलेले असते. म्हणून जिथून उतरता येईल असे वाटत नाही तिथे चढूच नये, हे मुलांना धोंड्यावरच शिकवा. प्रत्येकाने जितके वर जायचे तितके त्याच वाटेने खालीही यायचे.

आपल्याकडे या खेळाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. पावसाळ्यात दगडावर शेवाळ धरते, आणि वैशाखात कातळ तव्यासारखा तापतो. कड्याला आग्या मोहोळ लटकलेले दिसले तर त्या बाजूला जाऊच नका. बिडीचा धूर नको, अंगाला अत्तर नको, आरडाओरडा नको. माश्या उठल्याच, तर कड्याखाली गोंधळ घालत न थांबता तोंड झाकून लांब निघून जावे.