विद्यापीठाच्या कागदावर सही कोणाची?



आम्ही बँकेतले कारकून. खाते कोणाच्या नावे आणि सही कोणाची, या दोन गोष्टी आम्ही वेगवेगळ्या पाहतो. कायद्याच्या लेखी विद्यापीठ ही स्वतंत्र संस्था. स्वतःच्या नावे मालमत्ता बाळगते, दावा लावते. सहीचे काय? डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने उच्च शिक्षणमंत्र्यांना प्र-कुलपती करणारे विधेयक मंजूर केले. कुलगुरूपदासाठी दोन नावे शासनानेच राज्यपालांकडे पाठवायची, अशीही त्यात तरतूद होती. सरकार बदलले आणि २०२२ मध्ये ते मागे घेण्याचे ठरले. मंत्री कोणत्या पक्षाचा, हा आमचा प्रश्न नाही.

स्वायत्तता हवीच, पण आत बसणार कोण? १९२७ साली मुंबई विद्यापीठाच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेबांनी सिनेटवर मागासवर्गीयांना प्रतिनिधित्व मागितले होते. २०१६ च्या कायद्याने नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागांपैकी एक अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. मात्र पदवीधर आपोआप मतदार होत नाही. नोंदणीचा अर्ज भरावा लागतो. दुसऱ्यांचे अर्ज तपासण्यात आमची वीस वर्षे गेली, हा अर्ज आम्ही गेल्या महिन्यात भरला. सभागृहातील किती पदवीधरांनी तो भरला आहे? कृपया हात वर करावेत.