मुदतीची रांग



या व्यासपीठावरून आजवर प्राध्यापक बोलले, कवी बोलले, न्यायमूर्ती बोलले. दहावीच्या परीक्षेत अडखळलेला आणि पुढचे सारे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर घेतलेला आमच्यासारखा माणूस आज येथे उभा राहतो, आणि तोही संगणकाच्या प्रोग्रॅममधील एका रांगेविषयी बोलण्यासाठी, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आमचे म्हणणे इतकेच आहे की रांग हा कामगारांचा जुना विषय आहे. आमचे वडील मुंबईच्या एका गिरणीत बदली कामगार होते. पाळीच्या भोंग्याआधी ते फाटकावर जाऊन उभे राहत. आत कोणी गैरहजर असला तर काम मिळे. नसला तर आल्या पावली घरी. उभे राहिल्याचे दाम कोणी देत नसे. तेव्हा वाट पाहणे म्हणजे काय, हे आम्ही पुस्तकातून शिकलेलो नाही.

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका भांडणामुळे. आमच्या संघटनेत अलीकडे घरपोच माल पोहोचविणारी मोटारसायकलवाली मुले मोठ्या संख्येने आली आहेत. त्यांना मुकादम नाही. हातातला मोबाइल हाच मुकादम. त्यांतील एका सभासदावर एका ग्राहकाने तक्रार केली. नियमाप्रमाणे त्याचे खाते चोवीस तासांसाठी बंद झाले. शुक्रवारी रात्री आठला बंद झालेले खाते शनिवारी रात्री आठला उघडावयास हवे होते. ते उघडले रविवारी पहाटे तीनला. शनिवारची रात्र म्हणजे या धंद्यातील सुगी. ती बुडाली. आम्ही कंपनीच्या स्थानिक अधिकाऱ्याकडे गेलो. तो म्हणाला, "साहेब, हे मशीन करते. आमच्या हातात काही नाही."

बंधुभगिनींनो, "आमच्या हातात काही नाही" हे वाक्य आम्ही तीस वर्षे ऐकत आलो आहोत. पूर्वी ते बाजारभावाच्या नावाने येई, मग मुख्य कचेरीच्या नावाने येऊ लागले, आता यंत्राच्या नावाने येते. म्हणून आम्ही ठरविले की हे यंत्र काय करते ते एकदा समजून घ्यावयाचे. आमच्या एका जुन्या सभासदाची मुलगी प्रोग्रॅमर आहे. तिने संघटनेच्या कचेरीत बसून, जुन्या हस्तपत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर रेघोट्या ओढून, आम्हाला तीन संध्याकाळी हे शिकविले. तिने सांगितलेले आम्ही आमच्या भाषेत आपल्यापुढे ठेवतो.

मोठ्या प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी अनेक कामे चालतात. एकेक काम ओढणाऱ्या धाग्याला ते लोक थ्रेड म्हणतात; आम्ही त्याला कामगार म्हणू. काही कामगार कामे आणून टाकतात, काही ती उचलून पुरी करतात. दोघांच्या मध्ये रांग असते. आता रांग रिकामी असेल तर उचलणाऱ्याने काय करावे? एक मार्ग असा की त्याने दर क्षणाला येऊन "आले का? आले का?" असे विचारावे. यात काम काहीच होत नाही आणि यंत्राची शक्ती मात्र जळत राहते. दुसरा मार्ग असा की त्याने स्वस्थ निजावे आणि काम आले की कोणी तरी त्याला उठवावे. अशा रांगेला ब्लॉकिंग क्यू म्हणतात, कारण ती रिकाम्या हाताला अडवून ठेवते. पण ते अडविणे म्हणजे खरे पाहता विश्रांती देणे होय. या विचाराचा पाया घालणाऱ्यांत एड्सगर डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञाचे नाव अग्रभागी आहे. परस्परांना सांभाळून चालणाऱ्या कामांविषयी 1965 मध्ये त्यांनी विस्ताराने लिहिले. कामगारांना थांबविण्याच्या आणि सोडण्याच्या त्यांच्या साधनाचे नाव सेमाफोर. म्हणजे रेल्वेच्या हात दाखविणाऱ्या सिग्नलचेच नाव.

आता या रांगेला मुदत जोडा. आपणा व्यापारी मंडळींना पुढील तारखेचा चेक ठाऊक आहे. समजा, अशा चेकांचा गठ्ठा एका पेटीत ठेवला आहे आणि सर्वांत जवळच्या तारखेचा चेक नेहमी वर येईल अशी व्यवस्था आहे. पेटीत कोणी, केव्हाही, कितीही चेक टाकावेत. पण तारीख उजाडल्यावाचून एकही चेक बाहेर पडावयाचा नाही. आधी टाकला म्हणून आधी निघेल असे नाही. ज्याची मुदत आधी भरली तो आधी निघेल. हीच मुदतीची रांग. जावा या संगणकभाषेत तिला डिलेक्यू असे नाव आहे. 2004 मध्ये जावाची पाचवी आवृत्ती निघाली, तिच्यात अशा अवजारांचा एक संचच आला. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या ऑस्वेगो येथील शाखेतील प्राध्यापक डग ली हे त्या कामाचे प्रमुख होते. तिकीट काढताना आपण निवडलेली खुर्ची काही मिनिटे आपल्यासाठी राखून मग मोकळी करणे, न गेलेला निरोप एक सेकंदाने, मग दोन, मग चार सेकंदांनी पुन्हा धाडून पाहणे, अशा कामांना ही रांग उपयोगी पडते.

पेटीच्या आत सगळे चेक तारीखवार लावलेले नसतात. फक्त सर्वांत वरचा चेक सर्वांत आधीचा असेल, एवढीच हमी असते. बाकीचे एका उतरंडीत बसविलेले असतात. त्यामुळे दहा लाख कामे आत असली तरी नवे काम जागेवर बसविण्यास वीसएक तुलना पुरतात.

याहून आम्हाला गोडी वाटली ती पहाऱ्याच्या रीतीची. समजा, दहा कामगार वाट पाहत आहेत आणि वरच्या कामाची मुदत एक तासाने भरणार आहे. दहाही जणांनी एक तासाचा गजर लावला तर दहाही उठतील. काम एकालाच मिळेल आणि नऊ जणांची झोप फुकट मोडेल. म्हणून या रांगेत एकच कामगार गजर लावून निजतो, बाकीचे निर्धास्त निजतात. त्या एकाला त्या मंडळींनी लीडर, म्हणजे पुढारी, असेच नाव दिले आहे. मध्येच अधिक जवळच्या मुदतीचे काम आले तर जुना गजर रद्द होतो आणि नवा लागतो. आणि पुढारी काम घेऊन निघाला की जाण्यापूर्वी निजलेल्यांपैकी एकाला पहाऱ्यासाठी उठवून जातो. आपली जागा कोणी घेणार आहे की नाही हे पाहूनच जागा सोडावी, ही शिस्त आमच्या चळवळीतील पुढाऱ्यांनीही उचलण्याजोगी आहे, आणि त्यांत आम्ही स्वतःलाही धरतो.

ही झोप किती नाजूक असते याची दोन उदाहरणे देतो. रांग कामाला विचारते, "तुझी मुदत भरण्यास किती वेळ उरला?" हा प्रश्न ती सेकंदाच्या अब्जांश भागात विचारते. अजाण प्रोग्रॅमर उत्तर देतो हजारांश भागात. एक दिवस म्हणजे 8,64,00,000 हजारांश. रांग तेवढेच अब्जांश समजते, म्हणजे सेकंदाचा अकरावा-बारावा हिस्सा. कामगार तेवढे निजून उठतो, पुन्हा विचारतो, पुन्हा निजतो. मुदत जवळ येईल तशी ही उठबस वाढत जाते आणि शेवटच्या मिनिटात सेकंदाला हजारो वेळा होऊ लागते. गंमत अशी की काम आपल्या वेळेवरच होते! बाहेरून पाहणाऱ्याला दोष दिसत नाही; वाट पाहणारा मात्र आत झिजत असतो.

दुसरे उदाहरण साऱ्या जगाने पाहिले. पृथ्वीच्या फिरण्याशी घड्याळ जुळते राहावे म्हणून 30 जून 2012 च्या दिवसाअखेर जागतिक वेळेत एक सेकंद अधिक घालण्यात आला. आपल्याकडे तेव्हा 1 जुलैच्या पहाटेचे साडेपाच वाजत होते. लिनक्स या प्रणालीच्या काही आवृत्त्यांत त्या एका सेकंदाने आतल्या घड्याळांचा मेळ बिघडला. "अर्धा सेकंद थांब" म्हणून निजविलेले कामगार तत्क्षणी जागे होऊ लागले, पुन्हा निजले, पुन्हा जागे झाले. जावात लिहिलेले अनेक प्रोग्रॅम या फेऱ्यात सापडले आणि जगभरच्या कित्येक सेवा अडखळल्या. यंत्राला हात ना पाय. पण त्यालाही उगाच ताटकळत ठेवले तर ते कोलमडते.

आता आपण आमच्या भांडणाकडे परत येऊ. तीन संध्याकाळच्या शिकवणीतून एक गोष्ट आमच्या मनात पक्की बसली. मुदतीची रांग एकच वचन देते: "मुदतीच्या आधी नाही." "मुदतीनंतर उशीर नाही" असे वचन ती देत नाही, देऊ शकत नाही. चोवीस तास भरले की काम उचलण्यास मोकळे होते, एवढेच. ते प्रत्यक्ष उचलले जाईल केव्हा? कोणी तरी हात रिकामा असेल तेव्हा. रांगेला कमाल मर्यादाही नाही. टाकाल तितके ती निमूटपणे पोटात घेते, कधी कुरकुरत नाही. आणि तिला "आत किती कामे आहेत" असे विचारले तर ती मुदत न भरलेली आणि मुदत भरून तिष्ठत राहिलेली, दोन्ही मिळून एकच आकडा सांगते. न्यायाने थांबलेला आणि अन्यायाने थांबलेला, दोघांची एकच मोजणी!

एवढी शिदोरी घेऊन आम्ही पुन्हा बैठकीस गेलो. त्या कंपनीची रांग नेमकी कशी बांधली आहे हे आम्हाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आम्ही तीनच प्रश्न विचारले. चोवीस तास कोणत्या क्षणापासून मोजता? मुदत भरलेली खाती उघडण्यासाठी किती हात ठेवले आहेत, आणि ते आणखी कोणती कामे करतात? मुदत भरूनही बंद राहिलेली खाती या घटकेला किती आहेत? अधिकाऱ्याला उत्तरे येईनात. त्याने फोनवर आपल्या इंजिनियरला घेतले. तो गृहस्थ सरळ मनाचा होता. तो म्हणाला, खाती उघडण्याची आणि दुकानदारांचे हिशेब धाडण्याची कामे एकाच रांगेत, त्याच हातांकडे आहेत. शनिवारी रात्री हिशेबांचा पूर येतो. खात्यांची मुदत भरलेली असते, पण हात रिकामा नसतो. तिसऱ्या प्रश्नावर तो थोडा थांबला आणि म्हणाला, "हा आकडा आम्ही कधी वेगळा काढलाच नव्हता."

यंत्र आपले वचन अक्षरशः पाळत होते. मोडले होते ते माणसांनी दिलेले वचन, आणि तेही कोणी हेतुपुरस्सर मोडले नव्हते. "बंदी चोवीस तास" असे ज्याने लिहिले त्याच्या मनात दोन वचने होती. यंत्राला त्यांतले एकच सांगितले गेले. दुसरे पाळायचे तर पुरेसे हात लागतात, हातांना खर्च लागतो, आणि खर्चाचा निर्णय यंत्र करीत नाही. तो माणसेच करतात. म्हणजे "आमच्या हातात काही नाही" हे खरे नव्हते.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे, नाही तर हे भाषण फुशारकीचे होईल. खाती उघडण्यासाठी वेगळी रांग आणि वेगळे हात महिन्याभरात नेमले गेले. मुदत भरून अडकलेल्या खात्यांचा आकडा आता दर आठवड्याला आमच्याकडे येतो. पंचविसाव्या तासानंतरच्या प्रत्येक तासाची भरपाई मिळावी, ही आमची मागणी मात्र मान्य झालेली नाही. ती आम्ही सोडलेली नाही. त्या मुलाची बुडालेली रात्रही त्याला परत मिळालेली नाही.

ही मागणी काही आभाळातून पडलेली नाही. 1948 मध्ये गोदी कामगारांसाठी कायदा झाला आणि त्याखालच्या योजनांत, हजर राहूनही काम न मिळालेल्या नोंदणीकृत राखीव कामगाराला हजेरीभत्ता देण्याची तरतूद झाली. वाट पाहणे हेही कामच आहे आणि त्याचा खर्च ज्याच्यासाठी वाट पाहिली त्याने सोसावा, हे तत्त्व त्यात मान्य झाले. आमच्या वडिलांना ते लाभले नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या हुशार मंडळींनी यंत्रातील कामगाराला फुकट ताटकळत ठेवू नये म्हणून केवढी बुद्धी खर्च केली, हे आपण आताच पाहिले. त्यांच्याविषयी आमच्या मनात आदर आहे. आमचे गाऱ्हाणे इतकेच, की फाटकावर उभ्या असलेल्या माणसासाठी त्या बुद्धीचा थोडा वाटा निघावा.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. उद्या बँकेत, कचेरीत, दवाखान्यात कोणी आपल्याला "सिस्टिममध्ये आहे, तीन दिवस लागतील" असे सांगितले, तर रागावू नका आणि मान खाली घालून परतही येऊ नका. शांतपणे विचारा: तीन दिवसांच्या आधी नाही, की तीन दिवसांच्या नंतर नाही? या दोन वाक्यांत फार मोठे अंतर आहे. पहिले वचन यंत्र पाळील. दुसरे कोण पाळणार, त्या माणसाचे नाव विचारून घ्या.