खाडीने पूल ओलांडला
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



इंग्रजी व्याकरणावर पाच मिनिटं बोल, असं मला सांगितलंय. मागच्या बाकावरून सुस्कारे ऐकू आले, म्हणजे मंडळी बदललेली नाहीत!

१९९२ साली वाशीपर्यंत रेल्वे आली, आणि सरांनी आपल्याला पहिल्या रेल्वेप्रवासावर इंग्रजी निबंध घातला. ‘पुलावरून जाताना खाडी दिसली’ याचं निम्म्या वर्गाने ‘क्रॉसिंग द ब्रिज, द क्रीक वॉज सीन’ असं केलं. सरांनी फळ्यावर पाय फुटलेली खाडी काढली. ती पूल ओलांडत होती. मराठीत ‘जाताना’ला कर्ता लागतोच असं नाही, ऐकणारा ‘आम्ही’ मनात धरतो. इंग्रजी वाक्याच्या सुरुवातीचा असा तुकडा मात्र पुढे येणाऱ्या कर्त्याला जाऊन चिकटतो. त्यालाच ते मॉडिफायर म्हणतात. म्हणून ‘क्रॉसिंग द ब्रिज, वुई सॉ द क्रीक’. आपल्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, पहिलीपासून आलं ते २००० साली. पण ही चूक मराठीत विचार करणारा कुणीही करतो, त्यात कमीपणा काही नाही.

गंमत फळ्यावर असते, कागदावर पैसे जातात. न्हावा शेवा बंदरातून जाणाऱ्या मालाची कागदपत्रं मी गेली वीस वर्षं बघते. एकदा एक पत्र आलं: ‘अरायव्हिंग लेट ॲट द पोर्ट, द एक्स्पोर्टर विल पे द चार्जेस’. उशीर झाला होता ट्रेलरला. पत्राप्रमाणे मात्र उशिरा पोहोचला एक्स्पोर्टर! तो बिचारा नाशिकला आपल्या ऑफिसात बसलेला. ‘मी बंदरावर आलोच कधी?’ असं विचारून त्याने पैसे अडवले. ट्रान्सपोर्टर म्हणाला, पत्रात माझं नाव कुठाय? दोन आठवडे फोनाफोनी. शेवटी ‘बिकॉज द ट्रेलर रीच्ड लेट, द ट्रान्सपोर्टर विल पे’ असं सरळ लिहिलं, तेव्हा बिल योग्य माणसाकडे गेलं. आता मसुदा हातात आला की मी आधी विचारते, पहिल्या तुकड्यातलं काम कुणी केलं?

‘ओन्ली’चंही तसंच. आपला ‘च’ शब्दाला घट्ट चिकटतो: मीच त्याला सांगितलं, मी त्यालाच सांगितलं. इंग्रजीत ते काम जागेवर चालतं. ‘ओन्ली आय टोल्ड हिम’, ‘आय टोल्ड ओन्ली हिम’. आणि ‘आय ओन्ली टोल्ड हिम’ म्हणजे मी नुसतं सांगितलं, बाकी काही केलं नाही. पोलिसांपुढे किंवा वकिलापुढे यात केवढा फरक पडेल बघा! ‘आय केम यस्टरडे ओन्ली’ हा तर आपला ‘कालच’ इंग्रजी कपडे घालून आलेला. घरात मी तो खुशाल बोलते, पत्रात कुणाला लिहू देत नाही.

चेकवर मात्र ‘ओन्ली’ रकमेच्या शेवटीच लिहा, नाहीतर पुढे कुणीतरी आणखी काही लिहील. एवढं सांगून खाली बसते, जेवणाची पानं मांडली आहेत.