धरणं जमलं, सोडणं बाकी आहे



अध्यक्षाने साऱ्या विषयाचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. ती आज मोडतो आणि एकाच गोष्टीबद्दल बोलतो: पकडलेला रेणू सोडण्याबद्दल.

पकडणं आपल्याला साधलं आहे. 1987 सालचं नोबेल पेडरसन, क्रॅम आणि लेन यांना मिळालं ते याच कामासाठी. आपला नेहमीचा यजमान, म्हणजे पाहुण्या रेणूला पोकळीत धरून ठेवणारा रेणू, आहे बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन. ग्लुकोजच्या सात एककांचं कडं, बुड नसलेल्या फुलपात्रासारखं. आतली पोकळी सहा-साडेसहा अँगस्ट्रॉमची. बाहेरून पाण्याशी सख्य, आतून फटकून. याच कुळातलं सुगामाडेक्स भूलतज्ज्ञांच्या हाताशी असतं. शस्त्रक्रिया संपताना ते टोचलं की स्नायू सैल करणारं रोक्युरोनियम त्याच्या पोकळीत अडकतं आणि रुग्णाचे स्नायू पुन्हा कामाला लागतात. तिथे पाहुण्याला परत सोडायचं नसतं, हे त्या औषधाचं भाग्य!

आपल्याला सोडायचं असतं, तेही हव्या त्या जागी, हव्या त्या वेळी. म्हणून यजमानाला गंधकाचे पाय लावून आपण सोन्याच्या नॅनोकणावर बसवतो आणि वरून लेसर टाकतो. छोटे गोल कण 520 नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतात. दांड्यांच्या आकाराचे कण केले की शोषण 800 नॅनोमीटरकडे सरकतं. तो प्रकाश ऊतींत बराच खोल जातो, आणि कण त्याची उष्णता करतात; तिने पाहुणा सुटावा, ही अपेक्षा. अझोबेंझीन या पाहुण्याची तऱ्हा वेगळी. त्याचं लांबट ट्रान्स रूप पोकळीत नीट बसतं. 365 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश पडला की ते वाकून सिस होतं आणि निसटतं. हे काम निखळ प्रकाशाचं. पण अतिनील प्रकाश कातडीपलीकडे फारसा जात नाही, म्हणून आपण पुन्हा उष्णतेकडे वळतो.

आता थोडं गणित. पाहुणा आत बसताना मोलमागे 20 किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, असं धरू. द्रावण 37 अंशांवरून 43 अंशांवर नेलं, तर बंधनाचा स्थिरांक किती घटेल? जेमतेम 14 टक्के. एवढ्याने पाहुणा दार उघडून बाहेर पडत नाही. आणि 43 अंशांच्या पुढे निरोगी पेशीही होरपळू लागतात. तरीही लेसर लावताच सगळा रेणू सुटला, असं कुणी दाखवलं, तर माझी पहिली प्रतिक्रिया टाळीची नसते, शंकेची असते.

कारण संशयित तीन आहेत. कणाच्या पृष्ठालगतचं पाणी आपल्या तापमापीला दिसतं त्याहून जास्त तापलं असेल. प्रकाशाने थेट काही घडवलं असेल. किंवा सोनं-गंधक हा बंधच तुटला असेल, म्हणजे पाहुणा सुटलाच नाही, यजमानासकट खाली आला! वर्णपटात पाहुणा दिसतो म्हणून आपण खूश, आणि यजमान पाहायला कुणी जात नाही. जोरदार स्पंदी लेसरखाली दांड्या वितळून गोल होतात, ते आणखी वेगळं. द्रावणाचा रंग बदलला की ते नुसत्या डोळ्यांनाही कळतं, पण शोधनिबंधात छापला जातो तो आधीचा फोटो.

उपाय महाग नाही. तीच कुपी काळ्या कागदात गुंडाळा, पाण्याच्या बाथमध्ये त्याच तापमानाला तेवढाच वेळ ठेवा आणि किती सुटलं ते मोजा. मग कण नसलेलं द्रावण लेसरखाली धरा. शेवटी कण अपकेंद्रित्रात खाली बसवून वरच्या पाण्यात यजमान शोधा. दोन दिवसांचं काम आहे. परीक्षकाने मागितल्याशिवाय ते करायचं नाही, हा आपल्याकडचा रिवाज मला मुळीच पसंत नाही.

उद्याच्या पोस्टर सत्रात मी प्रत्येक फलकापुढे थांबणार आहे आणि अंधारातल्या कुपीचा आलेख मागणार आहे. विद्यार्थ्यांनी घाबरू नये. प्रश्न त्यांच्या मार्गदर्शकांना असेल.