अदखलपात्र

(सावित्रीबाई फुले जयंतीला शिरूर अनंतपाळच्या समाजमंदिरात केलेलं भाषण. बोललो तसंच, थोडं सावरून छापायला दिलंय.)

भावांनो, बहिणींनो, आणि मागं भिंतीला टेकून बसलेल्या मायांनो, जयभीम.

पत्रिकेत माझ्या नावाखाली 'विद्रोही कवी' छापलंय. 'गोदी कामगार' असंही छापायला पाहिजे होतं, कारण कवितेवर पोट चालत नाही. मी मुंबईच्या गोदीत कंत्राटावर माल उचलतो. शिक्षण दहावी पास. म्हणजे आजचा जो विषय आहे, त्यावर बोलायचा मला काडीचा अधिकार नाही. विषय आहे समाजशास्त्र. त्यातही बाईचा अभ्यास आणि गुन्ह्याचा अभ्यास. तुम्ही म्हणाल, हे हमालानं कशाला सांगायचं? सांगतो.

माझी धाकटी बहीण ह्याच गावातून एस.टी.नं कॉलेजला जाऊन बी.ए. झाली. समाजशास्त्र घेऊन. पावसाळ्यात तिचा फोन आला. "दादा, मला एम.ए. करायचं. मग नेट-सेट, मग पीएच.डी. बाया आणि गुन्हा, ह्याच्यावर काम करायचं."

मी रात्रपाळी मारून आलेलो. मनुस्मृती जाळल्याच्या कविता व्यासपीठावर म्हणणारा हा तुमचा विद्रोही कवी काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, "कशाला डोक्याला ताप? बी.एड. कर, नाहीतर पोलीस भरतीचा फॉर्म भर. चोर-दरोडेखोरांचा अभ्यास करून तुझ्याशी लगीन कोण करंल?"

तिनं फोन ठेवला. मी झोपलो. झोप चांगली लागली, हे पण सांगून टाकतो.

आता पंधरा वर्षं मागं या. मी दहा-अकरा वर्षांचा. माय सोयाबीन काढायला दुसऱ्याच्या रानात गेली होती. हिशेबाला गेली तेव्हा मजुरी कापली. तिनं विचारलं. मालकानं जात काढली, चार लोकांत शिवी दिली, ढकलून दिलं. माय उठली आणि तशीच पोलीस ठाण्यात गेली. कुठलं ठाणं, कोण साहेब, ते सोडा. तिथं तिचं म्हणणं लिहून घेतलं आणि कागदावर शेरा पडला: अदखलपात्र.

दोस्तहो, कायद्याच्या भाषेत ह्याचा अर्थ एवढाच, की पोलिसांना आपणहून तपास करता येत नाही. पण नुसता शब्द बघा. दखल घ्यायच्या पात्रतेचं नाही. दोन हजार वर्षं आम्हाला जे म्हटलं गेलं, ते एका शब्दात.

पुढं मी ह्यावर कविता लिहिली. ती गाजली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या कवितेत माय मुकी आहे. मार खाते, डोळ्यांतून आग काढते, पण बोलत नाही. बोलतो मी.

माझ्या फोननंतर बहिणीनं एक काम केलं. वही घेतली, मायजवळ बसली आणि विचारलं, "माय, त्या दिवशी काय काय झालं? पयल्यापासून सांग." तीन रात्री माय सांगत होती. पंधरा वर्षांत मी तिला हे एकदाही विचारलं नव्हतं. कविता लिहिली, विचारलं नाही.

काय निघालं त्या वहीत? ठाण्यात मायला पहिला प्रश्न होता, "नवरा कुठाय? एकटी कशी आलीस?" माय म्हणाली, जात काढून शिवी दिली. लिहिणारा म्हणाला, शिव्या काय लिहायच्या, लागलंय का ते सांग. कागदावर आलं: मजुरीच्या पैशावरून किरकोळ वाद. वाचून दाखवलं नाही. अंगठा घेतला.

इथपर्यंत माझ्या कवितेला धक्का नाही. धक्का पुढं आहे. माय दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाली होती. "शिवी लिवलीच न्हाई, ती लिवा" म्हणायला. तिला पांदीतून परत कुणी आणलं? मालकानं नाही. पाटलानं नाही. माझ्या बापानं आणि चुलत्यानं. "घरची अब्रू चव्हाट्यावर नको" म्हणून.

माय मुकी नव्हती. दोनदा बोलायला निघाली होती. एकदा ठाण्यानं गप्प केलं, एकदा आम्ही. आणि तिसऱ्यांदा मी, कवितेत.

तेव्हा मला कळलं, बहीण कशाचा अभ्यास करायचं म्हणत होती.

आता विषयावर येतो. गुन्ह्याचं शास्त्र आपल्याकडं कुणी आणलं? इंग्रज साहेबानं १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. जमातच्या जमात जन्मतः गुन्हेगार. पोरगं पाळण्यात असतानाच वहीत नाव, मोठं झाल्यावर हजेरी. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण पुढं सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पारध्याच्या पालावरची पोलिसांची धाड काही थांबली नाही. लांब जायचं कारण नाही. आपल्याच लातूर जिल्ह्यातल्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड. त्यांचं 'उचल्या' १९८७ साली आलं, दुसऱ्या वर्षी साहित्य अकादमी मिळाली. ज्यांची नावं साहेबाच्या वहीत होती, त्यांच्यातल्या एकानं वही स्वतःच्या हातात घेतली. माझ्या मते हेही गुन्हेगारीशास्त्रच, खालच्या बाजूनं लिहिलेलं.

आणि आज? सरकारच्याच तुरुंगांच्या आकडेवारीत चार कैद्यांतले तीन कच्चे कैदी आहेत. खटला निकाली निघालेला नाही, पण माणूस आत. त्यात दलित, आदिवासी, मुसलमान आपल्या लोकसंख्येच्या हिश्श्यापेक्षा जास्त. हा आकडा पुरेसा नाही. तो कसा घडतो, हे विचारणारं माणूस पाहिजे.

आता बाईची बाजू. १९७२ साल घ्या. पँथर ज्या साली जन्माला आली ते साल. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात बौद्ध बायांची विटंबना झाली. राजा ढाले यांनी 'साधने'त हिशेब मांडला: राष्ट्रध्वजाच्या अपमानाला तीनशे रुपये दंड आणि आमच्या बाईच्या अब्रूला पन्नास. केवढा गदारोळ झाला! लोकांना झेंड्याबद्दलचे शब्द झोंबले, पन्नास रुपये झोंबले नाहीत. खरं म्हणजे ढाल्यांनी विचारला तो साधा गुन्हेगारीशास्त्राचा प्रश्न होता: शिक्षेचा भाव कोण ठरवतं?

त्याच साली, त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी पोरीवर अत्याचार झाला. आरोपी दोन पोलीस. सत्र न्यायालयानं सोडले, उच्च न्यायालयानं शिक्षा दिली, १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिनं विरोध केला नाही! १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर ह्या कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. देशभर मोर्चे निघाले. १९८३ साली कायदा बदलला. कोठडीत बलात्कार झाला आणि बाई 'माझी संमती नव्हती' म्हणाली, तर कोर्टानं तिचं खरं धरायचं. शिकवणाऱ्या माणसांचं पत्र आणि रस्त्यावरच्या बायांचा मोर्चा, दोन्ही लागलं. नुसती कविता पुरली नसती. नुसता प्रबंधही पुरला नसता.

हे ज्ञान आपलं नाही असं कुणी म्हणेल तर त्याला सांगा, ९ मे १९१६ ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या एका पोरानं जातीवर निबंध वाचला. बाबासाहेबांनी. त्यात मांडलं काय? जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून. आणि ते टिकवायचं तर बाईला आवळावं लागतं: सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह. म्हणजे जातीच्या कारखान्याचं कुलूप बाईच्या अंगावर आहे. मनूचे दंड बघा. ब्राह्मणानं शूद्राला शिवी दिली तर बारा पण दंड, शूद्रानं द्विजाला दिली तर जीभ छाटायची. बारा पण, पन्नास रुपये, किरकोळ वाद. भाव फारसा वाढलेला नाही.

बाबासाहेबांचं हे लिखाण घेऊन आयुष्यभर काम केलेल्या एका बाईचं नाव सांगतो. शर्मिला रेगे. समाजशास्त्राच्या प्राध्यापक, पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात. जन्म १९६४ चा. २०१३ च्या जुलैत गेल्या, पन्नाशीही गाठली नव्हती. त्यांनी लावणी आणि तमाशातल्या बायांवर लिहिलं. चैत्यभूमीवर पथारीवर विकल्या जाणाऱ्या आपल्या पुस्तिका आणि भीमगीतांच्या कॅसेटींवर लिहिलं. ज्या मालाला विद्यापीठ कचरा म्हणत होतं, त्याला त्या ज्ञान म्हणाल्या. शांताबाई कांबळे, बेबीताई कांबळे, कुमुद पावडे, ऊर्मिला पवार ह्यांच्या आत्मकथनांवर त्यांचं २००६ चं पुस्तक आहे, 'रायटिंग कास्ट, रायटिंग जेंडर'. शेवटच्या वर्षी बाबासाहेबांचे बाईविषयीचे लेख एकत्र करून 'अगेन्स्ट द मॅडनेस ऑफ मनू' काढलं.

कौतुक करून थांबलो तर फसवणूक होईल. ह्याच बाईंनी १९९८ साली आपल्यावर बोट ठेवलंय. तो लेख इंग्रजीत आहे. बहिणीनं फोनवर वाचून मराठीत सांगितला. म्हणणं असं: सत्तरच्या दशकातल्या स्त्री-चळवळीत 'बाई' म्हटली की ती सवर्ण, आणि दलित चळवळीत 'दलित' म्हटला की तो पुरुष. दोघांच्या मध्ये दलित बाई गायब. पँथरच्या लिखाणात ती आली ती माय म्हणून, नाहीतर अत्याचार झालेली म्हणून. बोलणारी म्हणून नाही.

मला राग आला. म्हटलं, ह्या सवर्ण बाईनं आम्हाला शिकवायचं? मग माझ्या कवितांची वही काढली आणि मोजलं. बाया किती? एक माय, एक नागवली गेलेली बहीण, एक कामाठीपुऱ्यातली. तिघीही मुक्या. वही मिटली.

आणि ते शिकवायला रेगे बाईच पाहिजेत असंही नाही. 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून ह्यांनी १९८९ सालीच काढलं. आंबेडकरी चळवळीतल्या म्हाताऱ्या बायांकडं जाऊन, विचारून, लिहून घेऊन. कुठली पीएच.डी. नव्हती त्यासाठी. विचारायची अक्कल होती.

आता पोरींनो, रस्ता सांगतो, कारण तो कुणी सांगत नाही. समाजशास्त्रात एम.ए. आपल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठातून करता येतं. मुंबईत देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे, १९३६ ची, तिथं गुन्हेगारी आणि न्यायाचा वेगळा अभ्यास चालतो. त्याच संस्थेनं १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तालयात स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. म्हणजे पोलिसाच्या शेजारी समाजकार्य शिकलेलं माणूस खुर्ची टाकून बसलं, बाईचं ऐकायला. पुढं तो राज्यभर पसरला. ही खुर्ची तुमची आहे. इंग्रजी आडवं येईल. येऊ द्या. गोदीत पहिल्या दिवशी मला गोणसुद्धा पाठीवर घेता येत नव्हती.

आणि ज्यांना शिकायचं नाही त्यांनीही एवढं पाठ करा. अ‍ॅट्रॉसिटीच्या कायद्यात दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. तोंडी फिर्याद लिहून घेतली की सही-अंगठ्याच्या आधी ती वाचून दाखवायची आणि नक्कल लगेच द्यायची. न करणारा लोकसेवक अनुसूचित जाती-जमातीचा नसेल तर तो शिक्षेला पात्र. मायच्या वेळी हे कलम नव्हतं. आज आहे. पण कलम तोंड उघडत नाही, तोंड आपल्यालाच उघडावं लागतं.

गोदीत माल आम्ही उचलतो, मोजून लिहितो दुसराच. गोण फाटली की ती कुणाच्या नावावर टाकायची हे वही ठरवते, पाठ ठरवत नाही. म्हणून म्हणतो, एक पाठ घरची असू द्या आणि एक वहीसुद्धा घरची असू द्या.

बहिणीचं नाव एम.ए.ला घातलंय. फी मी भरतोय. उपकार नाही, दंड आहे तो. आणि कोर्टाच्या पन्नास रुपयांपेक्षा जास्त आहे.

माझी ती गाजलेली कविता आता मी म्हणत नाही. आत्ता इथं म्हणा म्हणून चिठ्ठी आलीय. म्हणणार नाही. माय तिथं भिंतीला टेकून बसलीय. तिला विचारा.

जयभीम.