मागे राहणाऱ्यांचा हिशेब

(संघाच्या वार्षिक संमेलनात दिघाशी येथे एका निवृत्त शिक्षकाने दिलेले व्याख्यान)



या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा चिटणीसांनी मला केली, तेव्हा विषयही त्यांनीच नेमून दिला. जागतिकीकरण आणि स्थलांतर यांमुळे कुटुंबजीवनात होणारे बदल, असा तो विषय आहे. नाव जड आहे खरे. परंतु हा विषय आज आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओटीवर येऊन बसला आहे. ज्या घरातून कोणीच बाहेरगावी गेले नाही, असे घर आपल्या संघाच्या यादीत शोधूनही सापडणे कठीण. कोणी ठाण्याला आहे, कोणी पुण्याला. कोणी दुबईला, तर कोणाचा नातू अमेरिकेत जन्मला आहे. गेलेल्या माणसांविषयी आपण पुष्कळ बोलतो. आज मी मुख्यतः मागे राहिलेल्या माणसांविषयी बोलणार आहे, कारण घर टिकते ते त्यांच्या श्रमावर, आणि नेमक्या त्याच श्रमाचा हिशेब कोठे लिहिला जात नाही.

प्रथम थोडे मागे पाहू. स्थलांतर ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. 1853 साली बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी धावली आणि 1854 साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली. त्यानंतरची सव्वाशे वर्षे रत्नागिरी, सातारा, पुणे, अहमदनगर या जिल्ह्यांतून माणसे गिरणगावात येत राहिली. आपल्या ठाणे जिल्ह्यातून मुंबईला भात, दूध आणि गवत जात असे. त्यांच्या मागोमाग माणसेही गेली.

गिरणीत आलेला हा मनुष्य बहुधा एकटा असे. एका गावचे दहा-पंधरा गडी मिळून एक खोली घेत. निम्मे कामावर असताना निम्मे झोपत. जेवण खानावळवाल्या बाईकडे. पगार झाला की मनीऑर्डर गावी जाई. गणपतीला आणि शिमग्याला तो घरी येई, मुलांना खाऊ आणी आणि चार दिवसांनी परत जाई. या मनुष्याच्या कष्टांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे.

परंतु त्याच काळात गावी काय चालले होते? त्याची बायको चिखलात उभी राहून भात लावीत होती. सासऱ्याचे दुखणे काढीत होती, दीराचे लग्न निभावीत होती, सावकाराला उत्तरे देत होती. गिरणीच्या हजेरीपटावर नाव एकाचे होते, श्रम मात्र दोघांचे होते. गिरणीमालक जो पगार देत असे, तो एका माणसाच्या पोटाचा हिशेब धरून दिलेला असे. बाकीच्या कुटुंबाचे धान्य गावची जमीन पिकवीत असे. म्हणजे मुंबईचे स्वस्त कापड ज्या स्वस्त मजुरीवर विणले गेले, त्या मजुरीची तूट कोकणातील आणि घाटावरील स्त्रिया आपल्या अंगमेहनतीने भरून काढीत होत्या.

याचा प्रत्यय 18 जानेवारी 1982 नंतर आला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगार थांबला, महिने लोटले, आणि हजारो कामगार गावी परतले. त्या वेळी त्यांना कोणी पोसले? ज्या घराला ते इतकी वर्षे मनीऑर्डर पाठवीत होते, त्याच घराने. मागे राहिलेले घर हाच त्या कामगाराचा खरा विमा होता. त्याचा हप्ता मात्र त्याची बायको भरीत होती. शहरातही पाठबळ स्त्रियांचेच होते. गिरणगावातील खानावळवाल्या बाया कित्येक कामगारांना उधारीवर जेवू घालीत. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अशाच स्त्रियांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, तेव्हा कोठे या श्रमाला बँकेच्या दारात पत मिळाली.

समुद्रापलीकडे गेलेल्या मराठी माणसांचीही अशीच कथा आहे. 1834 पासून मॉरिशसला हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर जाऊ लागले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातील मराठी माणसे होती. आज त्यांच्या वंशजांच्या घरांतून बहुतांशी क्रिओल भाषा बोलली जाते. तरी गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील, बेने इस्रायली मंडळी 1948 नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेली. आपल्याकडे तेल गाळण्याचा धंदा करणारी आणि शनिवार पाळणारी म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर अशी गावांवरून पडलेली आडनावे त्यांनी तेथे नेली आणि 'मायबोली' या नावाचे मराठी नियतकालिक त्या देशात चालविले. पेण सुटले, पण पेणकर हे नाव राहिले. भाषा आणि सण ही काही पेटीत भरून नेण्याची वस्तू नाही. घरात कोणीतरी ती रोज बोलावी लागते, कोणीतरी मोदक वळावे लागतात, मुलांना मांडीवर घेऊन सांगावे लागते. ते करणारे माणूस घरात होते म्हणूनच हे टिकले.

आता आपल्या काळाकडे येतो. 1991 नंतर देशाची दारे व्यापाराला अधिक उघडली आणि आपल्या मुलांना बाहेरची दारे. उत्तर अमेरिकेत तर त्याच्याही आधी, 1981 साली, तेथील मराठी मंडळांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले होते. जागतिक बँकेच्या हिशेबाप्रमाणे 2022 साली परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी पाठविलेली रक्कम शंभर अब्ज डॉलरच्या पुढे गेली. एवढी रक्कम तोवर कोणत्याही देशात एका वर्षात आली नव्हती. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. परंतु या रकमेच्या बदल्यात मागच्या घरांनी जी सेवा केली, तिचा आकडा कोणत्याही बँकेकडे नाही.

हल्ली मोबाइलच्या काचेवर नातवाचे तोंड रोज दिसते. पूर्वी पत्राला महिना लागे. त्या मानाने हे मोठे सुख आहे. पण काचेवरून ओटीवर पडलेल्या म्हाताऱ्याला हात देऊन उठविता येत नाही. औषधाची चिठ्ठी घेऊन अंबाडीच्या नाक्यावर जाणारा पाय घरातच असावा लागतो. दुसरीकडे, सुनेच्या किंवा लेकीच्या बाळंतपणासाठी आपल्या भगिनी सहा-सहा महिने परदेशी जाऊन राहतात. तेथे शेजार नाही, भाषा नाही, बाहेर बर्फ. इकडे नवरा एकटा, शेत वाटेकऱ्याकडे. ती माउली परत आली की आपण तिला विमानाविषयी विचारतो. तिने तेथे किती रात्री जागून काढल्या, हे विचारीत नाही.

बंधूंनो, एक प्रसंग सांगतो. नावे सांगत नाही. दोन भाऊ. थोरला आखातात नोकरीला, धाकटा गावी. थोरल्याने पैसे पाठविले, त्यातून दुमजली घर उभे राहिले. धाकट्याने शेत पाहिले आणि अंथरुणाला खिळलेल्या बापाची नऊ वर्षे सेवा केली. त्याच्या बायकोने अंगणवाडीतील नोकरी त्यासाठी सोडली. बाप वारल्यावर वाटणीची वेळ आली. थोरल्याने बँकेचे पासबुक पुढे ठेवले आणि म्हटले, 'घर माझ्या पैशाचे.' धाकट्यापाशी पुढे ठेवायला कागद नव्हता. चार माणसांत मलाही बोलावले होते. आम्ही पाटीवर मांडून पाहिले: नऊ वर्षांची शुश्रूषा, इस्पितळाच्या खेपा, सोडलेल्या नोकरीचा पगार. आकडा पाहून थोरला गप्प झाला. तो वाईट मनुष्य नव्हता; हा हिशेब त्याला कोणी दाखविलाच नव्हता. तडजोड झाली, घरही दोघांचे राहिले. परंतु भावाभावांच्या बोलण्यातला जो गोडवा एकदा गेला, तो आजतागायत परत आलेला नाही.

असे प्रसंग आपल्या तालुक्यात यापुढे वाढणार आहेत, कारण जग आता आपल्याच बांधावर आले आहे. मुंबईची जकात चुकविता यावी म्हणून हद्दीबाहेर मानकोली, पूर्णा, दापोडे, काल्हेर, राहनाळ या भागांत गोदामे उभी राहिली. 2017 साली वस्तू व सेवा कर आला, जकात गेली, तरी गोदामे वाढतच राहिली. समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला. त्याचे टोक आपल्याच तालुक्यात आमणे येथे आहे. जमिनीला सोन्याचा भाव आला. ज्या सातबाऱ्यावर पूर्वी कोणी डोकावत नसे, त्यावर आता परदेशी असलेल्या मुलाचे आणि सासरी गेलेल्या लेकीचेही लक्ष असते. लेकीचा हक्क तर 2005 च्या दुरुस्तीने कायद्यानेच मान्य केला आहे. तो मान देऊन द्यावा. गोड बोलून हक्कसोडपत्रावर सही घेणे हे घर मोडण्याचे काम आहे.

आपली मुले बाहेर जात असताना बाहेरची माणसे आपल्याकडे येत आहेत. भिवंडीच्या यंत्रमागांवर उत्तर प्रदेशचे आणि तेलंगणाचे विणकर पिढ्यान्‌पिढ्या राबत आहेत. एका खोलीत दहा-बारा जण, पाळीपाळीने झोप, महिन्याला गावी पैसे. गिरणगावातला आपला मनुष्य याहून काय निराळा होता? मार्च 2020 मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा याच मुंबई–नाशिक रस्त्याने ही माणसे डोक्यावर बोचकी घेऊन चालत निघाली. मे महिन्याच्या प्रारंभी भिवंडी रोड स्थानकावरून गोरखपूरला श्रमिकांची गाडी सुटली. 1982 साली गिरणी कामगार जेथे गेला, तेथेच हीही माणसे गेली: मागे राहिलेल्या घराकडे.

आणि वीटभट्टीवरचे कुटुंब? दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्याकडची आदिवासी कुटुंबे उचल घेऊन भिवंडी-वसईच्या भट्ट्यांवर येतात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. शाळेतील माझ्या सबंध नोकरीत दिवाळीनंतर हजेरीपटावर अकस्मात एखादे नवे नाव यावे आणि जूनमध्ये ते नाहीसे व्हावे, हे मी दरवर्षी पाहिले. हे कुटुंब मागे कोणाला ठेवूच शकत नाही; म्हणून त्यांचे मूल शाळा मागे ठेवून येते. या मुलांसाठी विधायक संसदेने भट्ट्यांवर भोंगाशाळा चालविल्या, ही आपल्या परिसराला भूषणावह गोष्ट आहे. आपल्या समाजातील ज्या बंधूंच्या भट्ट्या किंवा चाळी आहेत, त्यांना माझी विनंती आहे की, आपल्या आजोबांना मुंबईत ज्या वागणुकीची अपेक्षा होती, तीच या पाहुण्यांना द्यावी.

जाणाऱ्याला अडवावे, असे माझे म्हणणे मुळीच नाही. पंख फुटलेले पाखरू घरट्यात ठेवू म्हटले तर राहात नाही, आणि राहिले तर त्याचे भले होत नाही. माझे मागणे एवढेच की, जाणे हे जसे काम आहे, तसे राहणे हेही काम आहे, असे आपण मानावे. त्यासाठी संघापुढे चार सूचना ठेवतो.

पहिली सूचना अशी की, मुलगा वा मुलगी दूर जाण्यास निघाली की, जाण्यापूर्वीच घरच्यांनी एकत्र बसून आईवडिलांचे कोण पाहणार, खर्च कोण देणार, शेत कोण कसणार आणि त्याचा मोबदला काय, हे कागदावर लिहावे. भांडणाच्या वेळी लिहिलेल्या कागदापेक्षा प्रेमाच्या वेळी लिहिलेला कागद स्वस्त पडतो.

दुसरी अशी की, जमिनीचे पैसे आले तर प्रथम वृद्धांच्या नावे त्यांच्या हयातीपुरती ठेव करावी, आणि मग वाटणी करावी. ज्येष्ठ नागरिकांसाठी 2007 साली झालेला कायदा आपल्या वृद्धांना ठाऊक असावा. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट न पाळल्यास, परत मागण्याची सोय त्यात आहे, आणि दाद प्रांत अधिकाऱ्यांच्या पातळीवर मागता येते. म्हणून बक्षीसपत्र करताना ही अट स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी.

तिसरी अशी की, ज्या घरांत वृद्ध एकटे आहेत, त्यांची यादी संघाने गाववार करावी आणि तरुण मंडळाने आठवड्यातून एकदा त्या ओटीवर जाऊन बसावे. विचारपूस करायला निधी लागत नाही.

चौथी सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दरवर्षी याच व्यासपीठावर आपण परदेशी गेलेल्या मुलांचा गुणगौरव करतो. तो अवश्य करावा. परंतु पुढील वर्षापासून त्यांच्या शेजारी एक खुर्ची अधिक मांडावी. ज्या सुनेने सासूची सेवा केली, ज्या भावाने शिक्षण अर्धे सोडून शेत सांभाळले, ज्या अविवाहित बहिणीने घर उभे ठेवले, त्यांना नारळ आणि शाल द्यावी आणि त्यांनी काय केले ते मोठ्याने वाचून दाखवावे. समोर बसलेली मुले ते ऐकतील. आज ती मुले असे समजतात की, जो गेला तो हुशार आणि जो राहिला तो मागे पडला. हा समज दूर करणे हे शाळेला जमलेले नाही. समाजाला ते जमू शकेल.



जय हिंद! जय महाराष्ट्र!