वाशिष्ठीकाठी जमताना



रविवारची झोप सोडून एवढे जण नदीवर आलात, बरं वाटलं. बिर्याणी आहे, पण काम झाल्यावर!

२२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं, तेव्हा मदतीला माणसं कमी पडली नाहीत. कोण कुठल्या मोहल्ल्यातला, हे न विचारता घराघरातला चिखल उपसला गेला. त्याआधी ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. तेव्हाही पत्रे, रेशन घेऊन टेम्पो गेले. पण टेम्पो आठवड्यात परत येतो, आणि नव्या सुपारीला फळ धरायला पाच-सहा वर्षं तरी लागतात. खरी गरज त्या मधल्या वर्षांत असते.

नदीचंही तसंच. वाशिष्ठी आणि शिवनदीतला गाळ काढा म्हणून चिपळूणकर साखळी उपोषणाला बसले, मग यंत्रं उतरली. तो गाळ आपल्या घमेल्यांनी निघणार नाही, त्यासाठी सरकारच्याच मागे लागायला हवं. आपल्या हातात आहेत मोहल्ल्यातले पऱ्ये आणि गटारं. त्यांतलं प्लास्टिक मे महिन्यातच निघालं पाहिजे, जुलैत नव्हे.

आजच्या वर्गणीतून सुपारीची रोपं घेऊ. पण दर पावसाळ्यानंतर वाडीत जाऊन किती जगली ते मोजायचं, मेलेल्यांच्या जागी नवी लावायची. फोटो तेव्हा काढा.

हातमोजे तिकडे पिशवीत आहेत. जोहरच्या नमाजाआधी पुलापर्यंत पोहोचू.